वेल्ह्याची माणसं कुठे मोजायची?

मंडळी, वेल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण थेट तोरण्यावर नाही तर राजगडावर चढतो. आता तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णयही झाला आहे. आज मात्र आपण पायथ्यालाच थांबू आणि दोन साधे प्रश्न विचारू. इथे माणसं किती, आणि ती जगतात कशावर?

2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाखांवर गेली. दहा वर्षांत वीस लाखांहून जास्त वाढ झाली. त्यात वेल्हे तालुक्याची माणसं सुमारे 54 हजार, म्हणजे जिल्ह्यातल्या हजार माणसांमागे साधारण सहा. शेजारच्या भोर तालुक्यात 1 लाख 86 हजार. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचं राजधानीचं गाव, शिवाय सातारा रस्ता भोर तालुक्यातून जातो. वेल्ह्याला जायचं तर चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे आत वळावं लागतं. आत गेल्यावर शहर म्हणावं असं एकही गाव नाही.

इथलं मुख्य पीक भात. राब भाजायचा, रोप टाकायचं, आषाढात लावणी करायची. वरकस उतारावर नाचणी, वरई. पाऊस भरपूर, पण उतारावरून तो वाहून जातो आणि दिवाळीनंतर बहुतेक शिवारं रिकामी. एका पिकावर वर्ष निघत नाही, त्यामुळे हात मोकळे होतात आणि माणूस बाहेर पडतो. शिवकाळात दसऱ्यानंतर मोहिमा निघत, त्यात मावळातले हेच हात होते. पुढे हे हात मुंबईच्या गिरण्यांकडे आणि गोद्यांकडे वळले. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला, तशी पुण्याची वाट जास्त रुळली.

माणसांसारखंच पाण्याचं. पानशेत आणि वरसगाव ही दोन्ही धरणं वेल्हे तालुक्यातली. पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं, हे पुणेकर विसरत नाहीत. पण ते पुन्हा बांधलं गेलं, आणि आज खडकवासला साखळीतल्या सुमारे 29 टीएमसी साठ्यापैकी 23 टीएमसीहून जास्त साठा या दोन धरणांचा आहे. त्यावर पुणे शहर पाणी पितं आणि दौंड-इंदापूरकडचा ऊस भिजतो. ज्यांची खाचरं बुडाली त्यांना मात्र गाव सोडावं लागलं.

जनगणना माणसाला राहत्या ठिकाणी मोजते. वेल्ह्यातून पुण्यात गेलेलं कुटुंब पुण्याच्या वाढीत धरलं जातं. इथल्या पाण्यावर पिकलेला ऊस दुसऱ्या तालुक्याच्या उत्पन्नात दिसतो. मग आपण वेल्ह्याला मागास म्हणतो! आकडा खोटा नाही, पण तो अर्ध्याच घराचा आहे. उरलेलं अर्धं घर जत्रेला, लावणीला, लग्नकार्याला परत येतं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की वेल्ह्याचा हिशेब पुण्याच्या हिशेबाशेजारी ठेवून वाचावा. एकीकडची घट आणि दुसरीकडची वाढ ही बऱ्याच अंशी एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत. शाळा, दवाखाना, एसटी यांचं नियोजन केवळ 54 हजारांच्या आकड्यावर केलं, तर उरलेल्यांनाही आपण फाट्याची वाट दाखवतो.