रेवदंडा-कोर्लई

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज अमलाची जुनी ठाणी. कुंडलिका नदीच्या मुखाशी उत्तरेला रेवदंडा (ता. अलिबाग), खाडीपलीकडे कोर्लई (ता. मुरुड). पोर्तुगिजांचे ‘चौल’ ते रेवदंडाच. मूळ चौल बंदर शेजारीच, निजामशाहीत होते.

१५०८ मध्ये येथील आरमारी लढाईत पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मैदा मारला गेला. तरी १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी कोटाचे काम सुरू केले. दिलेली परवानगी निजामशाहीला महागात पडली: १५७०-७१ चा दीर्घ वेढा वाया गेला आणि १५९४ मध्ये कोर्लईचा डोंगरही पोर्तुगिजांनी घेतला.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर चौल एकाकी पडले. पुढल्याच वर्षी तहाने रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. मध्यस्थी मुंबईकर इंग्रजांची. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर मालक म्हणून आले तेही हेच. म्हणजे परकी सत्ता येथून एकदा गेली आणि ७८ वर्षांनी दुसरी आली. ती १९४७ पर्यंत टिकली. गोव्यातून पोर्तुगीज १९६१ मध्ये हटले, तेव्हा रेवदंड्यातून त्यांना जाऊन दोनशे वीस वर्षे उलटली होती.

आज अलिबागहून येणारा रस्ता तटातूनच गावात शिरतो. कोटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच छप्पर उडालेली चर्च. फ्रान्सिस्कन चर्चच्या मनोऱ्याला लोक ‘सातखणी’ म्हणतात. सात खण मोजायला गेल्यास हिशेब जुळत नाही.

खरा अवशेष मात्र दगडी नाही. तहानंतर पोर्तुगीज गेले, कोर्लईचे स्थानिक ख्रिस्ती तेथेच राहिले. किल्ल्याखालच्या त्यांच्या वस्तीत पोर्तुगीज-मराठी संकरातून घडलेली बोली अजून ऐकू येते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज; वाक्याची ठेवण मराठीच्या वळणावर गेलेली, क्रियापद शेवटी. बोलणारे जेमतेम हजारभर. शाळा आणि बाजार मराठीत, त्यामुळे नव्या पिढीत तिचा वापर घटतो आहे. तट पाहायला पर्यटक गर्दी करतात. बोली ऐकायला आले ते प्रामुख्याने भाषाशास्त्रज्ञ.