दर रविवारी मॅरेथॉन धावावी का? हिवाळा, मित्रमंडळी आणि शरीराचा हिशेब

मुंबईत थंडीची चाहूल लागली की रविवारी पहाटेच्या लोकलमध्ये छातीवर नंबर लावलेली माणसे दिसू लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत मुंबई आणि आसपास जवळजवळ प्रत्येक रविवारी कुठे ना कुठे धावण्याची शर्यत असते. ग्रुपमधला एक जण लिंक टाकतो, दुसरा ‘मी आहे’ म्हणतो आणि बघता बघता सगळ्यांची नोंदणी होते. महिन्याला तीन-तीन पदके घरी येतात. पण शरीराला हे झेपते का? आणि धावायचेच असेल तर एका हिवाळ्यात किती वेळा?

मॅरेथॉन म्हणजे नेमके किती अंतर?

बोलण्यात आपल्याकडे पाच किलोमीटरच्या धावण्यालाही मॅरेथॉन म्हटले जाते. प्रत्यक्षात मॅरेथॉन एकच, ४२.१९५ किलोमीटरची. तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटरची ती हाफ मॅरेथॉन. पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यती वेगळ्या. हा फरक शब्दांपुरता नाही. दहा किलोमीटर आरामात धावलेला माणूस दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतो. पूर्ण मॅरेथॉन धावलेल्याला काही आठवडे लागतात. त्यामुळे ‘दर रविवारी मॅरेथॉन’ हे वाक्य कोणी म्हटले तर पहिला प्रश्न अंतराचा असायला हवा.

४२.१९५ हा आकडा १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमधून आला आणि १९२१मध्ये अधिकृत ठरला. त्याच्या एक वर्ष आधी, १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले होते. तिथला मार्ग आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होता. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९वे आले. त्या संघामागे दोराबजी टाटांचा पुढाकार होता. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारे खेळाडू पाहून त्यांनी ही मुले ऑलिम्पिकला जायला हवीत असे ठरवले. मराठी मुलखाचे आणि या शर्यतीचे नाते असे शंभर वर्षांहून जुने आहे.

शर्यती हिवाळ्यातच का?

लांब धावताना शरीराचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता असतो. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जातो आणि ती घामावाटे बाहेर टाकावी लागते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि हृदयावरचा ताण वाढतो. मॅरेथॉनसाठी १० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान उत्तम मानतात. मुंबईत जानेवारीतले सरासरी किमान तापमान सांताक्रूझला १७ अंशांच्या आसपास असते आणि कुलाब्याला त्याहूनही दोन-अडीच अंश जास्त. म्हणजे मुंबईकर ज्याला थंडी म्हणतो, ती मॅरेथॉनच्या दृष्टीने उबदारच. सूर्य वर आला की पारा तिशीकडे सरकतो. म्हणूनच मुंबईतली मोठी शर्यत पहाटे अंधारात सुरू होते.

ही मुंबई मॅरेथॉन फेब्रुवारी २००४मध्ये पहिल्यांदा झाली. आता ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. कोविडमुळे २०२१ आणि २०२२मध्ये ती झाली नाही. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन त्याहून जुनी, १९८३पासूनची. तिची ओळख डिसेंबरच्या पहिल्या रविवाराशी जोडलेली आहे. डिसेंबरमध्येच वसई-विरारची मॅरेथॉन होते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन सप्टेंबरमध्ये यवतेश्वरच्या घाटात होते आणि अनेकांचा हंगाम तिथूनच सुरू होतो. मोठ्या शर्यतीत प्रवेशासाठी आधीच्या शर्यतीतल्या वेळेचे प्रमाणपत्र मागितले जाते. त्यामुळेही धावपटू वर्षभरात एक-दोन छोट्या शर्यती धावून ठेवतात. इथपर्यंत सगळे ठीक असते. पुढचा आकडा वाढतो तो बहुतेकदा मित्रांमुळे.

मित्र सोबत असले की काय होते?

पहाटे साडेचारचा गजर एकट्यासाठी बंद करता येतो. खाली कोणी थांबले असेल तर करता येत नाही. मित्रांसोबत धावण्याचा खरा फायदा हाच.

त्याला संशोधनाचाही आधार आहे. २०१७मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सुमारे ११ लाख धावपटूंच्या पाच वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मित्र एक किलोमीटर जास्त धावले तर माणूस स्वतः सरासरी ०.३ किलोमीटर जास्त धावतो, असे त्यात दिसले. मित्रांचा प्रभाव खरा आहे की सारख्या आवडीची माणसे मुळातच एकत्र येतात, हे तपासण्यासाठी संशोधकांनी हवामानाचा आधार घेतला. मित्राच्या शहरात पाऊस पडला आणि तो कमी धावला, तर दुसऱ्या शहरातल्या कोरड्या हवेतला त्याचा मित्रही कमी धावत होता. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. कमी धावणारे जास्त धावणाऱ्यांना प्रभावित करतात, उलट तितकेसे होत नाही. मागून येणाऱ्यापुढे आपण मागे पडू नये, ही भावना माणसाला पळवते.

हीच भावना धोक्याचीही आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचे वय, वजन, झोप आणि नोकरी वेगळी असते. शर्यतींचे वेळापत्रक मात्र सगळ्यांचे एकच होते. ज्याला दोन आठवडे विश्रांती हवी, तोही पुढच्या रविवारी रांगेत उभा राहतो, कारण बाकीचे उभे असतात.

एका मॅरेथॉननंतर शरीरात काय घडते?

स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा, लांब धावताना जवळजवळ संपतो. नीट खाल्ले तर तो दोन-तीन दिवसांत भरून येतो. स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. पायांचे दुखणे आधी थांबते, आतली दुरुस्ती नंतर पूर्ण होते. फसगत इथेच होते. पाचव्या दिवशी पाय हलके वाटतात आणि माणूस पुढची नोंदणी करतो. हाडे आणि स्नायुबंध तर याहूनही सावकाश जुळवून घेतात. म्हणून सततच्या शर्यतींत पहिला फटका बहुधा नडगी, टाच किंवा गुडघ्याला बसतो.

मग एका हिवाळ्यात किती शर्यती?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. प्रशिक्षक साधारणपणे असा हिशेब सांगतात :

• पूर्ण मॅरेथॉन : हौशी धावपटूसाठी हंगामात एक. तिच्यानंतर तीन-चार आठवडे हलका सराव.

• हाफ मॅरेथॉन : जोर लावून धावलेली असेल तर पुढचा एक ते दोन आठवडे हलके.

• दहा किलोमीटर : नेहमी धावणाऱ्याला आठवडाभरात पुढच्या सरावाला लागता येते.

जानेवारीत पूर्ण मॅरेथॉन करायची असेल तर नोव्हेंबरमध्ये एक हाफ वेळ लावून धावावी. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३० ते ३२ किलोमीटरची सर्वांत लांब धाव करावी. त्यानंतर मुख्य शर्यतीपर्यंत अंतर कमी करत जावे.

मग बाकीच्या रविवारी मित्रांना सोडून द्यायचे का? मुळीच नाही. शर्यतीला जाणे आणि शर्यत लावणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ग्रुपमधल्या एकाची मुख्य शर्यत असेल तेव्हा दुसऱ्याने त्याला सोबत म्हणून, बोलता येईल इतक्या सावकाश, कमी अंतराच्या गटात धावावे. तिसऱ्याने नोंदणीच करू नये आणि रस्त्याच्या कडेला केळी, मिठाचे पाणी घेऊन उभे राहावे. पुढच्या वेळी भूमिका बदलाव्यात. शर्यत प्रत्येकाची एक, सोबत सगळ्यांची.

माझगावातून सराव कुठे करता येतो?

दक्षिण मुंबईतले हे जुने बंदराचे गाव धावायला सोपे नाही. मातारपाखाडीच्या गल्ल्या अरुंद आहेत, भाऊच्या धक्क्याकडे पहाटेपासून मासळीच्या गाड्यांची ये-जा असते आणि पी. डिमेलो मार्गावर बंदराचे अवजड ट्रक धावतात. पूर्व मुक्त मार्गावर पादचाऱ्यांना परवानगी नाही.

पण माझगावकडे एक गोष्ट आहे जी समुद्रकाठच्या सपाट रस्त्यांकडे नाही, ती म्हणजे चढ. डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ भंडारवाडा टेकडीवर पाण्याच्या जलाशयावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा यांचे ते नाव. वरून गोदी आणि हार्बर मार्गाचे रूळ दिसतात. आठवड्यातून एकदा या टेकडीचा चढ सावकाश पाच-सहा वेळा केला तर मांड्या आणि पोटऱ्या तयार होतात. मुंबई मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात, पाय थकलेले असताना पेडर रोडचा चढ येतो. त्याची तयारी घराजवळच होऊ शकते.

लांब धावेसाठी सीएसएमटी तीन-साडेतीन किलोमीटरवर आहे. तिथून मरीन ड्राइव्ह गाठून गिरगाव चौपाटीपर्यंत जाऊन परत आले की साधारण १५ किलोमीटर होतात. रविवारी पहाटे वाहने कमी असतात, तरी समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एकामागोमाग एक धावावे आणि अंगावर चमकणारी पट्टी असावी. सर्वांत सावकाश धावणाऱ्याच्या मागे ग्रुपमधला एक अनुभवी माणूस ठेवावा.

हिवाळ्याची हवा खरेच चांगली असते का?

थंड असते, स्वच्छ असतेच असे नाही. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि वरचा थर तुलनेने उबदार झाला की धूळ आणि धूर वर जाऊ शकत नाहीत. वाराही मंद असतो. पहाटे, नेमक्या धावण्याच्या वेळी, प्रदूषण खाली साचते. माझगावात हवेची गुणवत्ता मोजणारे ‘सफर’चे केंद्र आहे आणि गेल्या काही हिवाळ्यांत इथले आकडे अनेकदा बातमीचा विषय झाले आहेत.

निर्देशांक १०० पर्यंत असेल तर नेहमीचा सराव करावा. १०१ ते २०० म्हणजे मध्यम. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी जोर कमी करावा. २०० च्या पुढे ‘वाईट’ हवा सुरू होते. त्या दिवशी लांब धाव पुढे ढकलणे किंवा घरात व्यायाम करणे शहाणपणाचे. जोरात धावताना माणूस विश्रांतीच्या कित्येक पट हवा आत घेतो, हे विसरू नये.

धोका किती आणि कोणाला?

अमेरिकेत २०००पासून २०१०पर्यंतच्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमधल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना सापडल्या. म्हणजे धोका अगदी कमी, पण पूर्ण मॅरेथॉनमध्ये तो हाफपेक्षा जवळपास चौपट. जे वाचले त्यांच्यात जवळच्या माणसाने लगेच छाती दाबून सीपीआर दिल्याचा मोठा वाटा होता. धावणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये निदान दोघांना सीपीआर यायलाच हवा.

पाणी कमी पिणे जसे वाईट, तसे अतिरेकी पिणेही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम कमी झाले होते. तहान लागेल तसे प्यावे आणि लांब धावेत मीठ-साखर असलेले पेय घ्यावे. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नये. घामाने पाणी कमी झालेले असताना काही गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

मधुमेह, रक्तदाब, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास किंवा चाळिशी ओलांडलेली असेल तर हंगामाआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर, गडद तपकिरी लघवी, हाडावर एकाच जागी दुखणे, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा वाढलेली असणे आणि झोप उडणे या थांबण्याच्या खुणा आहेत. ताप असताना धावायचेच नाही.

आणखी एक सवय मित्रमंडळींत सर्रास दिसते. एकाला जमले नाही की त्याचा बिब दुसरा लावतो. बिबशी नाव, वय आणि संपर्काचा क्रमांक जोडलेला असतो. धावताना काही झाले तर फोन भलत्याच घरी जातो आणि डॉक्टरांसमोर भलत्याच माणसाची माहिती येते. आयोजकांच्या नियमांत हे बसत नाही, आणि मैत्रीतही बसू नये.

मित्राला गजर लावून उठवणारे पुष्कळ असतात. ‘या रविवारी तू झोप, पुढच्या वेळी ये’ असे सांगणाराही प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असावा. तो असेल तर तोच ग्रुप पुढच्या हिवाळ्यातही पूर्ण संख्येने धावताना दिसतो.