दख्खनच्या कातळाचे वय : कालनिर्धारणाचा इतिहास

सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक रचलेले काळ्या कातळाचे थर पाहून कोणता आधीचा व कोणता नंतरचा, हे सांगणे अवघड नाही; खालचा जुना, वरचा नवा. परंतु त्यांचे वय वर्षांच्या हिशेबात विश्वासाने सांगण्यासाठी भूवैज्ञानिकांना शंभराहून अधिक वर्षे खटपट करावी लागली.

एकोणिसाव्या शतकात जीवाश्म हेच प्रमुख साधन होते. दोन लाव्हाप्रवाहांमधील शांततेच्या काळात तळ्यांतून गाळ साचला. त्या थरांना अंतर-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूर येथील स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह या परिसरातील भूरचना व जीवाश्म यांवरील निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध केला. हिस्लॉप यांनी हे थर इओसीन काळातील मानले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ब्लॅनफर्ड यांचा कल अधिक प्राचीन अशा क्रिटेशियस काळाकडे होता. १९३४ मध्ये बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या अवशेषांच्या आधारे हा प्रश्न पुन्हा उपस्थित करून तृतीयक काळाचा पक्ष घेतला. वास्तविक अडचण पुराव्यातच होती. कालगणनेची मोजपट्टी युरोपातील सागरी थरांवरून तयार झाली होती आणि नागपूरकडचे शंख गोड्या पाण्यातले होते. पुढे १९८० च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळी येथील अशाच थरांत डायनासोरांच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे मिळाले व पारडे क्रिटेशियसकडे झुकले.

तोपर्यंत किरणोत्सारी पद्धती रूढ झाल्या होत्या. बोल्टवुड यांनी १९०७ मध्येच युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून खनिजांची वये काढून दाखविली होती. बेसाल्टसाठी पोटॅशियम-आर्गॉन पद्धत सोयीची ठरली. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे असून त्याचा साधारण दहावा हिस्सा आर्गॉन वायूत रूपांतरित होतो. लाव्हा वितळलेला असताना जुना वायू निघून जातो, म्हणून तो थिजल्यापासून घड्याळ शून्यावरून सुरू होते, हे गृहीत. मात्र दख्खनच्या कातळाने या गृहीताची कसोटी पाहिली. सततच्या पावसाने कुजलेल्या, झिओलाइटने भरलेल्या खडकांतून आर्गॉन निसटतो व वय कमी भरते. जुना वायू अडकून राहिला तर ते जास्त भरते. परिणामी वये आठ कोटींहून अधिक ते चार कोटींहून कमी अशी विखुरली. उद्रेक कोट्यवधी वर्षे चालल्याचा समज यातूनच बळावला. वस्तुतः हा विस्तार उद्रेकाचा नव्हे, बव्हंशी मोजमापातील दोषाचा होता.

शंका प्रथम चुंबकत्वाने निर्माण केली. कूर्तियो व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले की, बहुतांश थरांत आजच्या उलट चुंबकीय दिशा गोठलेली आहे व ती दहा लाख वर्षांहूनही अल्पकाळ टिकलेल्या एकाच पर्वाशी जुळते. १९८८ मध्ये डंकन आणि पाइल यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने या निष्कर्षास दुजोरा दिला. या पद्धतीत नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवून नंतर टप्प्याटप्प्याने तापवितात. वायू कुठून गळला आहे, हे त्यामुळे उमगते. उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोरांच्या अस्ताच्या सुमारास झाल्याचे स्पष्ट झाले.

मग प्रश्नच बदलला. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेला लघुग्रह आणि हा लाव्हा यांत आधी कोण? त्यासाठी कोटींचा नव्हे, हजारांचा हिशेब हवा. शोएन व सहकाऱ्यांनी त्यासाठी झिरकॉन स्फटिक वापरले. झिरकॉन घडताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र नाकारतो. शिवाय युरेनियमची दोन समस्थानिके वेगवेगळ्या गतीने क्षय पावत असल्याने एकाच स्फटिकात दोन घड्याळे मिळतात. बेसाल्टमध्ये झिरकॉन क्वचितच आढळतो. तो मिळाला मुख्यतः दोन प्रवाहांमधील तांबड्या मातकट पट्ट्यांत पडलेल्या ज्वालामुखीय राखेतून. घाटरस्त्यांच्या खोदकामात दिसणारे हे पट्टे खडक कुजून झालेले. कुजलेला खडक वय मोजण्यास निरुपयोगी, हा पूर्वीचा धडा. इथे त्याच थराने सर्वांत अचूक घड्याळ पुरविले.

२०१९ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. झिरकॉनवर आधारलेल्या अभ्यासात उद्रेकाचे चार मोठे आवेग दिसले व त्यांतील एक आघाताच्या काही दशसहस्र वर्षे आधीचा ठरला. स्प्रेन व सहकाऱ्यांच्या आर्गॉन मोजणीत मात्र लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आघातानंतरचा निघाला.