शॉकअपची कुळकथा

शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला शॉकअप, बाजारात आला तोच वरून विकत घेऊन बसवायची वस्तू म्हणून. सुरुवातीच्या मोटारी त्याच्याविनाच कारखान्यातून निघत. त्यांच्या खाली घोडागाडीकडून आलेले पाटे असत. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट यांनी १८०४ साली लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले होते, आणि तीच रचना शंभर वर्षांनंतरही चालू होती. पाट्यावर पाटा घासला की हेलकावा थोडाफार जिरतो. घोड्याच्या वेगाला तेवढे पुरे होते. मोटारीला पुरेना. खड्ड्यात दाबली गेलेली स्प्रिंग ती ताकद परत फेकते, गाडी उसळत राहते आणि चाक जमीन सोडते. अधांतरी चाकाला ब्रेकही लागत नाही आणि वळणही घेता येत नाही.

यावरचा पहिला खपाऊ उपाय फ्रान्समधल्या त्रुफो यांचा. कात्रीसारखे दोन दांडे, सांध्यात चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्या आणि मधोमध आवळायचा बोल्ट, एवढीच त्याची घडण. १९०४ सालच्या गॉर्डन बेनेट शर्यतीत लेऑं तेरी यांनी हे उपकरण लावलेली रिशार-ब्राझिये गाडी पहिली आणली. अमेरिकेत एडवर्ड हार्टफोर्ड यांनी ते ‘त्रुफो-हार्टफोर्ड’ नावाने विकायला काढले. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टर यांचा धंदा गॅब्रिएल नावाच्या भोंग्यांचा. त्यांनी त्याच नावाने पट्ट्याचा ‘स्नबर’ आणला. गाडी खाली बसताना हा पट्टा मोकळा राही आणि वर उसळताना ताणून धरी. पुढे १९६१ साली मुंबईत गॅब्रिएल इंडिया उभी राहिली आणि हे नाव महाराष्ट्रातल्या गॅरेजांत रुळले.

घर्षणाच्या या उपकरणांत मुळातच एक खोट होती. घासणारी चकती हलायला लागण्याआधी सर्वांत जास्त अडून बसते, त्यामुळे बारीक खडबड थेट सीटपर्यंत पोचते; उलट मोठ्या दणक्याला तिचा विरोध वाढत नाही. तेलाचे वागणे बरोबर उलटे असते. बारीक छिद्रातून ते सावकाश ढकलले तर सहज जाते, जोरात ढकलले तर तितक्याच जोराने अडवते. मोरिस हूदाय यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तेलाचा शॉकअप बनवला. १९२७च्या अखेरीस आलेल्या फोर्ड मॉडेल ए मोटारीला हूदाय पद्धतीचे शॉकअप कारखान्यातूनच बसवलेले होते. त्यानंतर नळीत नळी सरकणारा आजचा उभा शॉकअप सर्वत्र पसरला, आणि वरून घ्यायची वस्तू गाडीचाच भाग होऊन गेली.

खराब रस्त्यांनी ती पुन्हा बाजारात आणली. शॉकअप हालचालीची उष्णता करतो, दुसरे काही करत नाही. म्हणून त्याचा टिकाऊपणा ही उष्णता बाहेर टाकण्यावर ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या गिब रिव्हर रोडसारख्या कच्च्या वाटेवर मातीच्या आडव्या लाटा तयार झालेल्या असतात. एकेक लाट किरकोळ असते, पण शॉकअपमधले तेल ढकलणारा दट्ट्या तासन्‌तास न थांबता वरखाली होत राहतो. तेल तापून पातळ होते, त्यात हवा मिसळून फेस येतो, आणि फेस छिद्रातून विनाअडथळा निघून जातो. साध्या शॉकअपमध्ये दोन नळ्या एकात एक असतात आणि बाहेरच्या नळीत तेलाशेजारी हवा असते, त्यामुळे तो या रोगाला लवकर बळी पडतो.

फ्रान्सचेच द कार्बों यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोड काढली. नळी एकच ठेवायची, तळाशी दाबाखालचा नायट्रोजन भरायचा आणि तेल व वायू यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या घालायचा. तेलाला फेसाळायला हवाच मिळत नाही, आणि उष्णता एका पत्र्यातून थेट वाऱ्याला जाते. जर्मनीच्या बिलस्टाइनने हे तंत्र घेतले आणि १९५७पासून मर्सिडीजच्या गाड्यांसाठी असे शॉकअप बनवले. पण एकनळीला दगडाचे भय असते. बाहेरच्या नळीलाच दट्ट्या घासत असल्याने पोचा आला की तो अडकतो. दुनळीत बाहेरची नळी चेपली तरी आतली सलामत राहते. दगड उडणाऱ्या वाटेवर जाड पत्र्याचा, मोठ्या दट्ट्याचा, वायू भरलेला दुनळी शॉकअप हीच शहाणी निवड. काही ऑस्ट्रेलियन बनावटींत वायूऐवजी बंद छिद्रांचा फोम असतो, म्हणजे तेलात मिसळायला सुटा वायू उरतच नाही. बाहेर वेगळा डबा जोडलेला शॉकअप वाळवंटी शर्यतींत रुळला. १९६७ साली सुरू झालेली मेक्सिकोतली बाहा ही त्यांतली नावाजलेली. डब्यामुळे तेल जास्त मावते आणि मुख्य नळीत दट्ट्याला पूर्ण जागा मिळते. पण नळीचे सांधे आणि खर्च दोन्ही वाढतात. पर्यटनाच्या गाडीला एवढी गरज सहसा पडत नाही.

शॉकअप एकटा निवडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. आधी स्प्रिंग ठरवावी, आणि तीही गाडीवर कायम असणाऱ्या वजनावरून: लोखंडी बंपर, जादा टाकी, छतावरचे सामान. रोज रिकामी फिरणारी गाडी जड स्प्रिंगवर दणके देत चालते. स्प्रिंग जितकी कडक, तितकी तिची उसळी आवरायला शॉकअपचा परतीचा विरोध जास्त लागतो. गाडी उंच केली तर शॉकअपही लांब हवा. आखूड राहिला तर चाक खाली लोंबकळताना सगळा झटका त्याच्या सांध्यावर येतो. फार लांब घेतला तर चाकाला वर अडवणारा रबरी ठोकळा टेकण्याआधीच दट्ट्या तळाला आदळतो.

दुनळी शॉकअप आडवा पडून राहिला असेल तर बसवण्यापूर्वी उभा धरून पूर्ण लांबीत काही वेळा दाबावा आणि खेचावा, म्हणजे आतल्या नळीत शिरलेला वायू निघून जातो. त्यानंतरही दिशा बदलताना हाताला मध्येच पोकळ झटका लागला तर तो परत करावा. वापरात असलेल्याच्या दांड्यावर तेलाचा पुसट ओलावा चालतो. नळीवर धुळीचा ओला थर जमला असेल तर सील गेले. दोन्ही टोकांचे रबरी बुश नळीच्या आधी फाटतात, म्हणून सुटे बुश सहज मिळणारी बनावट दूरच्या वाटेला घ्यावी. काही शॉकअप उघडून सील आणि तेल बदलता येते. ती सोय जवळ असेल तरच त्यांची जादा किंमत वसूल होते.