मालगुजारी तलाव : नियोजन आणि कामाची वाटणी

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी आणि शेजारच्या अर्जुनी मोरगाव भागातले जुने मालगुजारी तलाव हे मुख्यतः कोहळी समाजाचे काम. गोंड राजवटीत जंगल तोडून जो तलाव बांधील, त्याला त्याखालची जमीन मिळे, असे परंपरा सांगते. म्हणजे काम कशासाठी आणि फायदा कोणाचा, हे पहिली कुदळ पडण्याआधीच ठरलेले असे.

तलावाची जागा उतार पाहून ठरे. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा सापडली की मातीची पाळ कमी लागे; नवेगावबांधचा तलाव त्याचा मोठा नमुना. जादा पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, वाहून जाई आणि धानाला तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, सुटे. तुडुमाला उभ्या ओळीत भोके असत. पाणी उतरेल तसे वरून खाली एकेक उघडायचे. त्यामुळे पाळीवर जोर न येता हवे तेवढेच पाणी पाटात येई.

बांधून झाले की काम संपले, असे मात्र नव्हते. पाणी वाटायला पाणकर असे. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही कामे मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, देखरेखीखाली गावकरी करीत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पुढे ते पाटबंधारे खाते आणि जिल्हा परिषदेकडे वाटले गेले. मालकी बदलली, तशी गाळ कोणी काढायचा याची जुनी घडी मोडली आणि बरेच तलाव उथळ झाले.