डावखुऱ्या पोरीची रायफल

बऱ्हाणपुरात आमच्या घरी बंदूक म्हणजे असीरगडावरची, तीही आजोबांच्या गोष्टीतली. 2000 साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंजली भागवत दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत गेल्या अन् मी हट्टच धरला. इंदूरला रेंजवर मिळायची ती रायफल उजव्या हाताची, मी डावखुरी. गाल नीट टेकायचाच नाही, आणि नेम धरायचा अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर! चार वर्षांनी बाबांनी एक लूम विकला. डाव्या हाताची रायफल आली, दस्ता माझ्या गाला-खांद्याच्या मापानं घडवलेला. पहिल्यांदाच मान वाकडी करावी लागली नाही. लूमची जागा मात्र रिकामीच. आई तिथं बरेच दिवस काही ठेवीना.