इंटरल्यूकिन-२: शरीराच्या संदेशवाहक प्रथिनाने कर्करोगावर उपचार

सायटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी वापरतात ती प्रथिने. इंटरल्यूकिन-२ हे त्यांपैकीच एक. केमोथेरपीप्रमाणे ते कर्करोगाच्या पेशींना थेट मारत नाही. ते टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशींची संख्या व ताकद वाढवते आणि त्या पेशी गाठीवर हल्ला करतात.

कोणाला देतात?
शरीरात पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी १९९२ मध्ये आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी १९९८ मध्ये अमेरिकेत याला मान्यता मिळाली. त्या वेळच्या अभ्यासांत १०० पैकी सुमारे १५ रुग्णांच्या गाठी बऱ्याच आकसल्या. ६-७ जणांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या आणि त्यांतील अनेकांना अनेक वर्षे आजार उलटला नाही. आता बहुतेकांना आधी चेकपॉइंट इनहिबिटर औषधे देतात.

कसे देतात?
मोठा डोस रुग्णालयात दाखल करूनच देतात: दर ८ तासांनी शिरेतून, जास्तीत जास्त १४ वेळा.

दुष्परिणाम
थंडी-ताप, उलट्या, जुलाब होतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब घसरणे हा सर्वांत गंभीर धोका. म्हणून हृदय आणि फुप्फुसांची तपासणी आधी करतात. अवयव प्रत्यारोपण झाले असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

नातेवाइकांनी काय पाहावे?
धाप, छातीत दुखणे, लघवी कमी होणे किंवा असंबद्ध बोलणे दिसताच नर्सला बोलवा. त्रासामुळे एखादा डोस वगळणे नेहमीचेच आहे. म्हणजे उपचार फसला असे नव्हे.